सुगम गोषवाऱ्याचे व्याकरण : मधुमेह-संशोधनाच्या अर्जांविषयी काही विचार

संशोधनासाठी द्रव्यसाहाय्य मागणारा अर्ज हा एक लेखनप्रकार आहे, असे म्हटल्यास साहित्याच्या अभ्यासकांना ते थट्टेने म्हटल्यासारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहता लेखनप्रकाराची बहुतेक सर्व लक्षणे अशा अर्जाच्या ठिकाणी आढळतात. त्याचा लेखक ठरलेला, वाचक ठरलेला, मांडणीचा क्रम रूढीने बांधलेला. आणि इतर लेखनाच्या बाबतीत सहसा न आढळणारी गोष्ट ही की, त्याचे फल अगदी स्पष्ट असते. पैसा मिळतो, अथवा मिळत नाही. जॉन स्वेल्स यांच्या ‘जॉनर ॲनॅलिसिस’ (१९९०) या ग्रंथाने अशा व्यावहारिक लेखनाच्या अभ्यासाला पद्धत लावून दिली. पुढे उल्ला कॉनर व ॲना मौरानेन यांनी १९९९ साली युरोपीय संघाकडे साहाय्य मागणाऱ्या अर्जांतील दहा ‘चाली’ वेगळ्या काढून दाखविल्या. क्षेत्राचे वर्णन, त्यातील उणीव, अर्जदाराचे उद्दिष्ट, त्याची साधने, त्याची पात्रता, होणारा लाभ, इत्यादी. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. मात्र तेथील अर्ज तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेले आहेत, आणि म्हणून तेथील विवेचनही त्या कुंपणाच्या आतच राहते. अशा अर्जांना स्वेल्स यांनीच पुढे ‘झाकलेले’ लेखनप्रकार म्हटले आहे. विद्येचा सारा संसार त्यांच्यावर चालतो, परंतु त्यांचे दर्शन बाहेरच्यास घडत नाही.

मधुमेहाच्या संशोधनास पैसा पुरविणाऱ्या धर्मादाय संस्थांकडे जाणाऱ्या अर्जांचा एक भाग मात्र असा झाकलेला राहत नाही. सर्वसामान्य वाचकासाठी लिहावयाचा गोषवारा हा तो भाग होय. सोयीसाठी त्यास येथे ‘सुगम गोषवारा’ असे म्हणू. अर्जदार तो सहसा सर्वांत शेवटी लिहितो, व लिहिताना आपण शास्त्रात पाणी मिसळीत आहोत अशी त्याची भावना असते. आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अर्जाच्या इतर भागांत जे परिभाषेच्या आडोशाला लपू शकते ते या भागात उघडे पडते. आणि ते कसे उघडे पडते हे पाहण्यास मराठीचे व्याकरण हे एक चांगले साधन आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय एवढाच.

या गोषवाऱ्याचा वाचक कोण, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांना १९२० साली मधुमेह असल्याचे निदान झाले. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्युपत्र करण्याची सूचनाच होती. ते फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ साली इन्सुलिन उपलब्ध झाल्याचे कळताच परतले आणि वाचले. एच. जी. वेल्स हे त्यांचे रुग्ण. मराठी वाचकांस ते कादंबरीकार म्हणून परिचित आहेत. याच वेल्स यांनी १९३३ साली ‘टाइम्स’ पत्रात पत्र लिहून किंग्जमधील मधुमेह-विभागासाठी द्रव्याची याचना केली, व ती केली आपल्यासारख्याच मधुमेह असलेल्या लोकांकडे. पुढील वर्षी, १९३४ साली, या दोघांनी ‘डायबेटिक असोसिएशन’ स्थापन केली. आज ‘डायबेटिस यूके’ या नावाने चालते ती संस्था हीच. मधुमेहासाठी मागितलेल्या या साहाय्याचा आरंभ अशा रीतीने एका कादंबरीकाराच्या वर्तमानपत्री पत्रापासून होतो ही गंमतीची गोष्ट खरी. परंतु आमच्या दृष्टीने तीतील महत्त्वाचा अंश वेगळाच आहे. येथे देणारा आणि दुखणाईत हे दोघे एकच आहेत. सरकारी साहाय्यात पैसा करदात्याचा असतो आणि करदाता अर्ज वाचीत नाही. येथे पैसा देणारे तो वाचतात, कारण दुखणे त्यांचे आहे. ‘डायबेटिस यूके’कडे येणाऱ्या अर्जांवर आज तज्ज्ञ तर मत देतातच, पण मधुमेहाशी प्रत्यक्ष संसार करणाऱ्या सामान्य माणसांचे मंडळही देते, आणि त्या मंडळापुढे प्रामुख्याने असतो तो हा सुगम गोषवारा.

हिशेबाची एक गोष्ट येथे नमूद करून ठेवतो. ब्रिटनमधील अशा संस्था सामान्यतः संशोधनाचा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे साहाय्यकाचे वेतन, रसायने, प्रवास वगैरे, उचलतात. विद्यापीठाची इमारत, वीज, कचेरी यांचा वाटा त्या उचलीत नाहीत. देणगीदाराचा पैसा त्याला समजेल अशाच गोष्टीवर खर्च व्हावा हा त्यामागील हेतू दिसतो. सुगम गोषवारा आणि अंदाजपत्रक या दोहोंच्या मुळाशी अशा रीतीने एकच तत्त्व आहे.

आता भाषेकडे वळू. या गोषवाऱ्यांतील सर्वांत शिथिल झालेला शब्द कोणता, असे विचारल्यास आम्ही ‘शकेल’ असे उत्तर देऊ. उदाहरणादाखल आम्हीच रचलेले एक वाक्य घ्या : ‘या संशोधनामुळे मधुमेहाच्या उपचारात क्रांती घडून येऊ शकेल.’ यात कर्ता नाही, काळ नाही, मर्यादा नाही. वाक्य खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही; आणि जे वाक्य खोटे ठरू शकत नाही ते वाचकाला काहीही देत नाही. इंग्रजीतील सहायक क्रियापद आकाराने लहान आणि नित्याच्या वापराने गुळगुळीत झालेले असल्यामुळे ते डोळ्यांस खुपत नाही. मराठीत मात्र ‘घडून येऊ शकेल’ अशी तीन क्रियापदांची उतरंड रचावी लागते आणि तिच्यातील पोकळपणा कानाला लगेच जाणवतो. याउलट हे वाक्य पाहा : ‘ज्या मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका अधिक आहे त्यांना हे औषध दिल्यास तो उशिरा होतो काय, हे पाहावयाचे आहे.’ येथे ‘उशिरा’ हा एकच शब्द सारे काम करतो. तो कोणतेही वचन देत नाही, पण काय मोजावयाचे आहे हे सांगतो. टेप्लिझुमॅब या औषधाच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याच्या संशोधनास जेडीआरएफ या संस्थेचे साहाय्य मिळाले होते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबापांनी ही संस्था अमेरिकेत १९७० साली काढली, व २०२४ साली ‘ब्रेकथ्रू टी-वन-डी’ असे तिचे नामांतर झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधामुळे रोगाचे प्रकट होणे सुमारे २ वर्षे लांबल्याचे दिसले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यास जी मान्यता दिली ती ‘लांबविण्या’साठीच दिली, बरे करण्यासाठी नव्हे. दोन वर्षे ही गोष्ट क्षुल्लक आहे काय, हे आठ वर्षांच्या मुलाच्या आईला विचारावे.

येथे एक आक्षेप संभवतो. संशोधनाचे फळ आधीच ठाऊक असते तर संशोधन कशाला हवे? मग अर्जदाराने मोघम लिहिले तर त्याचा दोष काय? या आक्षेपाला इन्सुलिनच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. फ्रेडरिक बँटिंग यांनी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी रात्री वहीत जी कल्पना टिपून ठेवली ती जेमतेम पंचवीस शब्दांची होती, व तीत मधुमेहाच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंगही चुकलेले होते. कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिका बांधावयाच्या, पाचक रस निर्माण करणारा भाग आपोआप झिजू द्यावयाचा, आणि उरलेल्या भागातून साखर उतरविणारा अंश काढावयाचा, असा तिचा आशय. टोरांटोचे प्राध्यापक मॅक्लाउड यांना तीविषयी फारसा विश्वास वाटला नाही. तरी त्यांनी प्रयोगशाळेत जागा, एक साहाय्यक आणि दहा कुत्री दिली. पुढे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु नलिका बांधण्याची मूळ कल्पना अनावश्यक ठरली होती. अखंड ताज्या स्वादुपिंडातूनही इन्सुलिन निघते असे तोपर्यंत सिद्ध झाले होते, आणि टोचण्याजोगे शुद्ध इन्सुलिन तयार झाले ते कॉलिप यांच्या रसायनकौशल्याने. बँटिंग यांचे अनुमान चुकले. पण त्यांच्या टिपणातील क्रियापदे पाहा : बांधणे, वाट पाहणे, काढणे. प्रत्येक क्रिया करता येण्याजोगी, आणि म्हणूनच चुकीची आहे असे दाखविता येण्याजोगी. फळाविषयी अनिश्चित असणे आणि कृतीविषयी मोघम असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली संशोधनाचा स्वभाव आहे. दुसरी लेखनाचा दोष आहे.

आता ज्या शब्दाभोवती गेल्या दशकात सर्वांत अधिक वाद झाला त्या शब्दाकडे येऊ. ‘डायबेटिस यूके’ने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयी रुग्ण, त्यांचे कुटुंबीय व वैद्य यांना विचारून संशोधनाच्या प्रश्नांचा अग्रक्रम ठरविला. ही यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीतील पहिला प्रश्न असा की, हा मधुमेह बरा होतो काय, किंवा परतविता येतो काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत. लोकांनी दोन शब्द वापरले : ‘बरा होणे’ आणि ‘परतणे’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच संस्थेच्या साहाय्याने झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीचा पहिला वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये आला. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत ३०६ लोक होते. निदान होऊन ६ वर्षांपेक्षा अधिक काळ न लोटलेले आणि इन्सुलिन न घेणारे असेच त्यांत निवडलेले होते. निम्म्यांना काही महिने अतिशय अल्प उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरविण्यात आले. वर्षअखेर त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या गटातील ४६चे ३६ झाले. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला लोकांच्या दोन शब्दांपैकी एकही न देता तिसराच दिला : ‘रेमिशन’. २०२१ साली अमेरिका व युरोपातील मधुमेह-संस्थांनी एकत्र येऊन त्याची व्याख्याही केली. साखर उतरविणारी औषधे थांबविल्यावर किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिले पाहिजे.

लोकांनी विचारले एका शब्दात, शास्त्राने उत्तर दिले दुसऱ्या. या दोहोंमधील अंतर भरून काढणे हेच सुगम गोषवाऱ्याचे काम, आणि भाषाभ्यासकास खरा रस येथेच आहे. मराठीत या शब्दाचे काय करावयाचे? ‘उपशम’ हा शब्द उपलब्ध आहे. तो शास्त्रशुद्ध आहे, आणि ज्याच्यासाठी लिहावयाचे त्याला तो कळणार नाही. ‘मधुमेहमुक्ती’ हा शब्द जाहिरातींतून फिरतो. तो सर्वांना कळतो, आणि तो असत्य आहे. कारण मुक्ती मिळालेला पुन्हा फेऱ्यात पडत नाही, असा त्या शब्दाचा आपल्या भाषेतील संस्कारच आहे. ‘मधुमेह उलटविणे’ हे इंग्रजीचे सरळ भाषांतर असून मराठीत औषध उलटते, डाव उलटतो, पण रोग उलटला असे म्हटल्यास तो पुन्हा अंगावर आला असाच अर्थ कोणीही घेईल! आमच्या मते मराठीने याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ताप उतरतो; दुखण्याला उतार पडतो. ‘उतार’ या शब्दात कमी होणे आहे, पण नाहीसे होणे नाही. शिवाय ‘चढउतार’ या जोडशब्दामुळे जे उतरते ते चढूही शकते ही जाणीव त्यात आपोआप येते. ४६चे ३६ कसे झाले हे ‘मुक्ती’ या शब्दाने सांगता येणार नाही, ‘उतार’ या शब्दाने सहज सांगता येते. सातबाराच्या उताऱ्याशी त्याची गल्लत होईल अशी भीती एका विद्यार्थ्याने बोलून दाखविली. परंतु ‘मधुमेहाला उतार पडणे’ या पूर्ण वाक्प्रयोगात तशी गल्लत होण्याचे कारण नाही. परिभाषा ही सुट्या नामांची टोपली नसून वाक्यांत वावरणाऱ्या शब्दांची व्यवस्था आहे, हे आपले कोशकार अनेकदा विसरतात.

रोग असलेल्या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्नही याच जातीचा आहे. ऑस्ट्रेलियातील मधुमेह-संस्थेने २०११ साली व इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१८ साली शब्दयोजनेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. माणसाला त्याच्या रोगाच्या नावाने ओळखू नये, असे त्याचे एक सूत्र. वेल्स-लॉरेन्स यांच्या संस्थेच्या नावातच हा इतिहास वाचता येतो : १९३४ साली ‘डायबेटिक’, १९५४ साली ‘ब्रिटिश डायबेटिक’, आणि २००० सालापासून ‘डायबेटिस’, म्हणजे माणूस गेला आणि रोग राहिला. मराठीत या सुधारणेचे शब्दशः अनुकरण करून ‘मधुमेह असलेली व्यक्ती’ असे लिहिण्याची प्रथा पडू लागली आहे, आणि प्रस्तुत टिपणातही ती एखाद्‌दुसऱ्या ठिकाणी आलीच आहे. परंतु मराठीला या उसनवारीची फारशी गरज नाही. ‘त्यांना मधुमेह आहे’ हीच मराठीची सहज रचना. जसे कोणाला भूक असते, मुलगी असते, तसाच मधुमेह असतो. चतुर्थीमुळे माणूस आणि रोग हे आधीपासूनच वेगवेगळे उभे आहेत. टाळावयाचा शब्द असेल तर तो ‘मधुमेहग्रस्त’ हा होय. ग्रहणात चंद्र ग्रासला जातो, तसा माणूस गिळला गेल्याचे चित्र त्यात आहे, आणि ज्याच्या देणगीवर अर्ज अवलंबून आहे त्यालाच आपण गिळला गेलेला म्हणतो, हे शिष्टाचारालाही धरून नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सर्वनामाचा. इंग्रजी गोषवाऱ्यात ‘वुई’ हे सर्वनाम दोन कामे करते. रक्त तपासणारे ‘वुई’ म्हणजे संशोधक. अधिक ज्ञान होऊन लाभ पावणारे ‘वुई’ म्हणजे अवघी मानवजात. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना हे सर्वनाम कधी रूप पालटते ते वाचकास कळतही नाही. मराठीत ही चोरी लपत नाही, कारण येथे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत व लेखकास दरवेळी निवड करावी लागते. (शास्त्रीय लेखनातील आदरार्थी ‘आम्ही’ हा तिसराच प्रकार, तो या टिपणातही आहे व त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) एखादा मंजूर झालेला गोषवारा घेऊन त्यातील प्रत्येक ‘वुई’च्या जागी यांपैकी एक शब्द घालून पाहावा. जेथे ‘आम्ही’च बसतो तेथे श्रम कोणाचे हे समजते, जेथे ‘आपण’ बसतो तेथे लाभ कोणाचा हे समजते, आणि जेथे कोणताच बसत नाही तेथे लेखकाने विचार केलेला नाही हेही समजते. निवड टाळण्याची एक पळवाट मात्र मराठीतही आहे, आणि ती आपल्या विद्यापीठीय गद्याने हमरस्त्याइतकी रुंद केली आहे : ‘नमुने घेण्यात येतील’, ‘विश्लेषण करण्यात येईल’, ‘माहिती गोपनीय ठेवण्यात येईल’. कोण घेणार, कोण ठेवणार?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांना मिळाले पाहिजे ते लोक केवळ लंडनमध्ये राहत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचे पोषण आणि त्यांच्या मुलांची वाढ यांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला. त्यास साहाय्य करणाऱ्यांत लंडनचा वेलकम ट्रस्ट हा धर्मादाय न्यासही आहे. या गावांतील नवजात अर्भकांचे वजन सरासरीने सुमारे २.७ किलो होते, तर साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलो, परंतु कातडीखालील चरबी त्या मानाने कमी नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या मथळ्यातच या अर्भकास ‘थिन-फॅट’ म्हटले आहे. सोपे लिहिणे म्हणजे शास्त्रात पाणी मिसळणे, असे मानणाऱ्यांनी या दोन एकाक्षरी शब्दांचा विचार करावा. येथे सोपा शब्द शोधानंतर समजावून सांगण्यासाठी आलेला नाही. शोधच त्या शब्दांत बसला आहे. मराठीत ‘हडकुळे पण चरबीचे बाळ’ असे म्हटले, तर शास्त्राची काहीही हानी न होता ते घरातल्या आजीलाही समजेल.

असा अर्ज परदेशी न्यासाकडे जातो तो इंग्रजीतच. गावकऱ्यांपुढे मराठी मजकूर येतो तो संमतिपत्राच्या रूपाने, म्हणजे पैसा मंजूर झाल्यावर. संमती ही सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियमही तेच सांगतात. नियम योग्य आहेत, पण ते फार उशिरा लागू होतात. तोपर्यंत काय मोजावयाचे, कोणाचे रक्त किती वेळा घ्यावयाचे, फळ कोणाला कळवावयाचे हे सारे ठरून गेलेले असते, आणि भाषांतरकाराच्या हाती ‘घेण्यात येतील’ एवढेच उरते. ही कामे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांकडे येतात, व ते ती पानामागे ठरलेल्या दराने, कोश उघडून, निष्ठेने करतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

आमची सूचना एवढीच की, ज्या संशोधनात मराठी बोलणाऱ्यांचे रक्त लागणार आहे, त्याचा सुगम गोषवारा अर्ज पाठविण्यापूर्वी मराठीत लिहून पाहावा. भाषांतर म्हणून नव्हे, मूळ म्हणून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील कित्येकांच्या घरी ‘शुगर निघाली’ हाच त्याचा शब्द आहे. लिहिताना तो शब्द कानाशी असावा. प्रत्येक ‘शकेल’ खाली रेघ मारावी, प्रत्येक ‘ण्यात येईल’चा कर्ता शोधावा, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची मोजदाद करावी. पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रात या रीतीने तीन-चार प्रसिद्ध गोषवारे तपासण्यास दोन तास पुरतात. वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा संशोधक त्या वेळी वर्गात बसावयास तयार झाला, तर कर्ता कोण हे त्यालाच विचारता येईल.